हाताच्या खुणा आणि गळ्यातील स्वर
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



शताब्दी व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर, फार तर नाट्यसंगीतावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आजचा माझा विषय त्याहून लहान आहे आणि कदाचित त्याहून अधिक निकडीचा आहे. ज्याला गाणे येत नाही अशा माणसाला गाणे वाचायला कसे शिकवावे, या प्रश्नाचा जगात निरनिराळ्या ठिकाणी जो विचार झाला, त्याची हकीकत मी सांगणार आहे. मी गायक नाही. अक्षरओळख, वाचन आणि लेखन हा माझा व्यवसाय आहे, आणि म्हणूनच हा विषय मला माझा वाटतो.

अक्षरओळख कशी होते, हे आपण सर्व जाणतो. मुलाच्या कानावर भाषा आधी पडते, ती ओठांवर येते आणि मग कधीतरी पाटीवर उमटते. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे असा तो क्रम आहे. संगीताच्या बाबतीत मात्र आपण बहुतेकांना पहिल्याच पायरीवर सोडून देतो. आपण आयुष्यभर ऐकतो. गाणारे थोडे, आणि लिहिलेले गाणे वाचून गाणारे त्याहून थोडे. महाविद्यालयात दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी मी मुलांना समूहगीतासाठी बोलावतो. "सर, आमचा आवाज नाही," हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. लहानपणी कोणीतरी 'तू बेसूर आहेस' असे म्हटलेले असते आणि ते त्या मुलाने जन्मभरासाठी खरे मानलेले असते. "मला वाचता येत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला आपण शाळेत घालतो. "मला गाता येत नाही" म्हणणाऱ्याला मात्र मागच्या बाकावर बसवतो.

या अन्यायाची जाणीव सुमारे हजार वर्षांपूर्वी इटलीतील एका ख्रिस्ती साधूला झाली. त्याचे नाव ग्वीदो. तो अरेझ्झो गावाच्या नावाने ओळखला जातो. मठातील मुले प्रार्थनागीते केवळ ऐकून पाठ करीत. त्यात वर्षांमागून वर्षे जात आणि तरीही न ऐकलेले गीत त्यांना स्वतःहून गाता येत नसे. ग्वीदोने एक युक्ती काढली. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राची चाल अशी होती की, पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्या चरणापेक्षा एक स्वर वर सुरू होई. त्या चरणांची आद्याक्षरे उत, रे, मी, फा, सोल, ला अशी होती. एवढी सहा अक्षरे त्यांच्या उंचीसह गळ्यात बसली की कोणतीही नवी चाल त्यांच्या आधारे उकलता येते, हे त्याने दाखवून दिले. पूर्वी दहा वर्षांतही जे धड साधत नसे ते आपल्या पद्धतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत साधते, असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावून ही पद्धत पाहिली. पुढे 'उत'च्या जागी उच्चाराला सोपा 'डो' आला, सातवा 'सी' जोडला गेला आणि आज जगभर म्हटली जाणारी मालिका पूर्ण झाली.

ग्वीदोच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. डाव्या हाताच्या बोटांची पेरे आणि टोके यांवर स्वरांची स्थाने कल्पून, शिक्षकाने उजव्या हाताने त्या त्या पेरावर बोट ठेवायचे आणि मुलांनी तो स्वर म्हणायचा. या आकृतीला 'ग्वीदोचा हात' म्हणतात. त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत मात्र ती आढळत नाही. नंतरच्या शिक्षकांनी ती त्याच्या नावावर चढवली. मध्ययुगात कागद दुर्मीळ होता, पण हात प्रत्येकाजवळ होता. धूळपाटीचा खर्चदेखील न लागणारी ती पाटी होती.

हे ऐकताना आपल्यापैकी वेदपाठशाळा पाहिलेल्यांना काहीतरी ओळखीचे वाटले असेल. सामगान करणारे वैदिक हाताच्या बोटांवर स्वर दाखवतात. 'नारदीय शिक्षा' या ग्रंथात दोन वीणा सांगितल्या आहेत: एक लाकडाची, दारवी, दुसरी शरीराची, गात्रवीणा. सामगायकांची वीणा ती गात्रवीणा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटाला एकेक स्वर नेमून दिलेला आहे आणि गाताना अंगठा त्या त्या बोटाच्या पेराला स्पर्श करतो. गळा चुकला तर हात सावरतो आणि हात चुकला तर शेजारी बसलेल्या गुरुजींच्या नजरेला ते दिसते. अरेझ्झोच्या मठाने हे आपल्याकडून घेतले, असे म्हणण्याला काहीही आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. स्वर डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून माणसाने दोन दूरच्या ठिकाणी आपल्याच हाताकडे पाहिले, एवढेच त्यातून समजते आणि तेवढे पुरेसे आहे.

आता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडकडे वळू. नॉर्विच या गावी सारा अॅन ग्लोव्हर नावाची एक शिक्षिका होती. शाळेतील मुलांना प्रार्थनागीते शिकवताना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी फार जड जाते, हे पाहून तिने त्याच जुन्या अक्षरांची आद्याक्षरे घेऊन एक सोपी लिपी तयार केली आणि 1835 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे 1841 मध्ये जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाकडे एक काम आले. रविवारच्या शाळांतून गोरगरिबांच्या मुलांना गाणे शिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधून काढा, असे त्या शाळांच्या शिक्षकांनी त्याला सांगितले. कर्वेन स्वतः संगीतज्ञ नव्हता. त्याने ग्लोव्हरबाईंची पद्धत घेतली, तिच्यात फेरफार केले आणि आयुष्य तिच्या प्रसारात घातले. हीच 'टॉनिक सोल्फा' पद्धती. तिची लिपी साध्या छापखान्यातील साध्या अक्षरांत छापता येई. त्यामुळे हँडेलच्या 'मेसाया'सारखी मोठी रचनाही गिरणीकामगाराला परवडेल अशा पुस्तकात आली. ज्यांच्या घरी पियानो येणे शक्य नव्हते, त्यांचे समूह चार चार सुरावटी एकाच वेळी गाऊ लागले.

कर्वेनने या अक्षरांना सुमारे 1870 च्या सुमारास हाताच्या खुणा जोडल्या. त्या मी आता सांगतो. आपण बसल्या जागी करून पाहायला हरकत नाही. 'डो' म्हणजे घट्ट मूठ. 'रे' म्हणजे बोटे वरच्या दिशेने तिरकी केलेला हात. 'मी' म्हणजे जमिनीला समांतर पालथा तळहात. 'फा' म्हणजे खाली रोखलेला अंगठा. 'सो' म्हणजे तळवा आपल्याकडे करून धरलेला सरळ हात. 'ला' म्हणजे मनगटातून सैल सोडलेला, खाली झुकलेला हात. आणि 'टी' म्हणजे वर रोखलेली तर्जनी.

या खुणा मनाला येतील तशा ठरवलेल्या नाहीत. प्रत्येक स्वराचा एक स्वभाव असतो, असे कर्वेनचे म्हणणे होते. 'डो' भक्कम, म्हणून मूठ. 'मी' शांत, म्हणून सपाट तळहात. 'ला' उदास, म्हणून झुकलेला हात. 'टी' हा सातवा स्वर. तो वरच्या 'डो'कडे ओढ घेतो, म्हणून तर्जनी वर. 'फा' खालच्या 'मी'कडे कलतो, म्हणून अंगठा खाली. आपल्या तंबोऱ्याजवळ बसलेल्या विद्यार्थ्याला हे नवे वाटणार नाही. शुद्ध निषाद तार षड्जाच्या उंबरठ्यावर किती अधीर होऊन उभा असतो, हे आपले कान जाणतातच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी. फ्रान्स, इटली, पोर्तुगाल या देशांत 'डो' हा एका ठरावीक उंचीचाच स्वर असतो. ग्लोव्हर आणि कर्वेन यांचा 'डो' मात्र चल आहे. गाणारा जेथून सुरुवात करील तेथे 'डो'. म्हणजे तो नेमका आपला षड्ज झाला. काळी एकचा षड्ज आणि पांढरी चारचा षड्ज यांत आपण जसा भेद मानत नाही, तसाच त्यांनी मानला नाही. त्यांची सात अक्षरे आपल्या बिलावल थाटाच्या सात शुद्ध स्वरांवर सरळ बसतात.

या पद्धतीला तिचे आजचे रूप दिले ते हंगेरीने. झोल्तान कोदाय (1882–1967) हा त्या देशाचा थोर संगीतकार. बेला बार्टोक या मित्राबरोबर तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी खेड्यापाड्यांतून फिरून लोकगीते गोळा करीत होता. शहरातील शाळांत मुलांना जे गाणे शिकवले जाते त्याचा त्या मातीशी काही संबंध उरलेला नाही, हे त्याला दिसले. मूल जसे आईची भाषा आधी बोलते तसे त्याने आईचे गाणे आधी गावे, असा त्याने आग्रह धरला. इंग्लंडच्या भेटींत त्याने कर्वेनची पद्धत पाहिली होती. ती त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उचलली. खुणा केवळ हाताच्या आकाराने न दाखवता, खालचा 'डो' कमरेच्या पातळीवर आणि 'ला' डोळ्यांच्या पातळीवर, अशी त्यांना उंचीही दिली. 1950 मध्ये कोदायच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, रोज गाणे शिकवणारी पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. 2016 मध्ये युनेस्कोने लोकसंगीताच्या जतनाचे चांगले उदाहरण म्हणून कोदायच्या विचाराची नोंद केली.

कोदायच्या वर्गात मुलाला सात स्वर एकदम देत नाहीत. आधी फक्त दोन, 'सो' आणि 'मी'. आपल्या भाषेत पंचम आणि गंधार. मुले खेळताना एकमेकांना लांबून हाका मारतात किंवा चिडवतात तेव्हा पुष्कळदा हेच दोन स्वर लागतात. मग 'ला' येतो, मग 'डो' आणि 'रे'. 'फा' आणि 'टी' या अर्ध्या अंतराच्या अवघड जागा, त्या नंतर. आता हे पाच स्वर जुळवून पाहा: सा, रे, ग, प, ध. हा आपला भूप झाला! आपले गायनशिक्षकही नवशिक्याला पुष्कळदा भूपच आधी देतात. मध्यम आणि निषाद वगळले की घसरण्याच्या जागा कमी होतात, हे गमक दोन्हीकडच्या गुरुजनांना अनुभवाने सापडले.

वर्गातील रीतही सांगण्यासारखी आहे. शिक्षक न बोलता हात दाखवतो आणि मुले गातात. मध्येच तो खूण करतो, त्यासरशी मुले थांबतात. हात मात्र चालूच राहतो. मुलांनी ते स्वर मनातल्या मनात ऐकायचे असतात. पुन्हा खूण होते आणि मुले नेमक्या त्या जागी उघड गाऊ लागतात. हे मनातले ऐकणे म्हणजेच मूकवाचन. मोठ्याने वाचणारे मूल ज्या दिवशी ओठ न हलवता वाचू लागते, त्या दिवशी ते खरे वाचक होते; तसेच हे. पुढे शिक्षक दोन्ही हात वापरतो. उजव्या हाताकडे पाहून अर्धा वर्ग गातो, डाव्या हाताकडे पाहून उरलेला. पुस्तक नाही, पेटी नाही, फळाही नाही. दोन हात आणि तीस गळे.

या खुणा आपल्याकडच्या पुष्कळांनी चित्रपटात पाहिलेल्या आहेत. 1977 च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात परग्रहावरच्या जिवांशी बोलण्यासाठी पाच स्वरांची ओळ वापरली आहे आणि फ्रेंच शास्त्रज्ञाची भूमिका करणारा फ्रान्स्वा त्रुफो ती ओळ याच खुणांनी करून दाखवतो. त्या स्वरांचा उगम शोधण्यासाठी हा शास्त्रज्ञ भारतात येतो, तो प्रसंग आपल्या रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या हाळ गावी चित्रित झालेला आहे.

आता आपल्या गोव्याकडे येतो. पोर्तुगीज अमदानीत येथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेजो, म्हणजे डो-रे-मी वाचून गाण्याचे शिक्षण, पिढ्यानपिढ्या मिळत आले. गरीब घरातील मुलगाही पाच रेघांवरचे टिपण वाचू लागे, व्हायोलिन हाती धरू लागे. त्या साक्षरतेचे मोल पुढे मुंबईत कळले. हिंदी चित्रपटसंगीताच्या बहराच्या काळात वाद्यवृंदात गोमंतकीय वादक फार मोठ्या संख्येने होते. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवणे आणि शंभर वाद्यांत तिची वाटणी करणे, हे काम सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्यांनी केले. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्यात त्यांचे नाव अमर केले.

याच भूमीत, देवळांच्या चौकात आणि घरांच्या सोप्यांत, दुसरी परंपरा नांदत होती. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी ही तिची नावे. ही परंपरा कंठातून कंठात गेली. तिने जे दिले त्याचे मोल लिपीने मोजता येणार नाही. पण एका गावात, कधी कधी एका वाड्यात, एक मूल डो-रे-मी वाचत होते आणि दुसरे सा-रे-ग-म घोकत होते, आणि दोघांनी एकमेकांच्या पाटीत डोकावले नाही, ही गोष्ट मला दीर्घकाळ खटकत आली आहे. दोघांचा पहिला धडा एकच होता!

लिपीवाचून आपले अडले नाही, असे म्हणता येईल. पण आपल्या थोर पूर्वसुरींना तसे वाटले नव्हते. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली आणि तिच्यासाठी स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके लिहिली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि स्वतःची स्वरलिपी केली. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या कपाटांत बंद असलेल्या शेकडो चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार. अर्ध्या तासात समजणारी ती लिपी आहे. पण समजणे वेगळे आणि वाचून गाता येणे वेगळे. चिन्ह आणि गळा यांच्यामध्ये जो पूल लागतो तो आपण सामान्य शाळेत कधी बांधलाच नाही. हाताच्या खुणा म्हणजे तो पूल.

या पद्धतीच्या मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. खुणा म्हणजे पायऱ्या. आपले संगीत पुष्कळदा पायरीवर उभे राहत नाही, दोन पायऱ्यांमधून वाहते. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार कोणत्या मुठीत धरणार? मींड कोणत्या बोटाने दाखवणार? तेथे गुरूच हवा आणि तेथे समोर बसूनच शिकले पाहिजे. परंतु बाराखडीने ज्ञानेश्वरी कळत नाही म्हणून आपण बाराखडी टाकून देत नाही. खुणा गवई घडवणार नाहीत. ज्याला षड्ज-पंचम ओळखता येतो, चार ओळींची चाल कागदावरून काढता येते आणि शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळता येतो, असा सुजाण श्रोता त्या घडवतील. असे श्रोते असतील तरच उद्याच्या केसरबाईला समोर कोणी असेल.

मित्रहो, आपले वाचनालय शंभर वर्षांचे झाले. ज्या काळी पुस्तक घरी आणणे ही चैन होती, त्या काळी कोणालाही पुस्तक मिळावे म्हणून ते निघाले. या वास्तूच्या संगीताच्या कपाटात स्वरलिपीची पुस्तके आहेत. त्यांवरील तारखांचे शिक्के पाहा. ती फारशी घरी जात नाहीत. वाचणाराच नसेल तर ग्रंथ मुका राहतो. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने मी विश्वस्तांपुढे एक लहान सूचना ठेवतो. बालविभागात आठवड्यातून एक तास द्यावा. फी नसावी, आवाजाची परीक्षा नसावी. प-ग पासून आरंभ करावा, भूपापर्यंत यावे, आपल्या ओव्या, फुगड्या आणि धालोची गाणी त्यासाठी घ्यावीत. चर्चमध्ये सोल्फेजो शिकलेल्या एखाद्या ज्येष्ठ वादकाला आणि आपल्या एखाद्या गायनशिक्षिकेला एकत्र बोलवावे. एकाने 'डो' म्हणून मूठ दाखवावी, दुसरीने 'सा' म्हणून तीच मूठ दाखवावी. मुलांना त्यात काही विपरीत वाटणार नाही.

वर्षाअखेर त्या मुलांना कपाटातील एखाद्या पुस्तकाचे कोणतेही पान उघडून द्यावे आणि त्यांनी ते गाऊन दाखवावे. तो शताब्दीचा समारोप मला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक आवडेल.